पत्राला कुलूप, किल्ली कनवटीला

कामं उरकून बसला असाल तर उत्तमच. मेथी निवडत बसला असाल तरी चालेल, कान तेवढा इकडे असू द्या. आजचा विषय आहे ईमेल, आणि त्या ईमेलला लावायचं कुलूप.

आपल्यातल्या बऱ्याच जणींना वाटतं, ईमेल म्हणजे शहरातल्या ऑफिसवाल्यांचं काम. पण स्मार्टफोन हातात आला त्याच दिवशी दुकानदारानं नाहीतर घरातल्या पोरानं आपल्या नावाचा जीमेल उघडून दिलेला असतो. पुढे त्याच पत्त्यावर बँकेचं स्टेटमेंट येतं, लेकीच्या कॉलेज प्रवेशाची कागदपत्रं जातात, तालुक्याच्या लॅबमधून रक्ताचा रिपोर्ट येतो, गटाच्या कर्जाचा प्रस्ताव जातो. आणि एखादी बाई त्याच पत्त्यावरून कुणालाही न सांगितलेली गोष्ट लिहिते. वकिलाला लिहिते, संरक्षण अधिकाऱ्याला लिहिते, दूर दिलेल्या बहिणीला लिहिते. हा मेल भलत्याच माणसानं वाचला तर त्या बाईच्या घरात काय होईल, ते मी सांगायला नको.

पूर्वीचं टपाल आठवा. खुशालीचं पोस्टकार्ड यायचं, ते पोस्टमनपासून शेजारणीपर्यंत सगळे वाचायचे आणि मग आपल्या हातात पडायचं. माहेरी काही दुखणंखुपणं कळवायचं असेल तर आपण निळं आंतरदेशीय पत्र आणायचो, कडा खळीनं चिकटवायचो. साधा ईमेल या दोन्हींच्या मधला आहे. आपल्या फोनपासून मेल कंपनीच्या यंत्रापर्यंत तो आजकाल बंद पाकिटातून जातो. मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांमध्ये एकीकडून दुसरीकडे जातानाही बहुतेक वेळा बंदच असतो. वाटेत कुणी सहज डोकावू शकत नाही. पण कंपनीच्या यंत्रावर पोचला की तिथलं कुलूप कंपनीचं असतं आणि किल्लीही कंपनीचीच असते. जीमेलमधला मजकूर जाहिरातींसाठी चाळणं आपण थांबवणार, असं गुगलनं २०१७ साली जाहीर केलं. म्हणजे त्याआधी तो चाळला जात होता. माणूस बसून वाचत नव्हता, यंत्र चाळत होतं. तरीही पत्र आपलं आणि किल्ली दुसऱ्याची, हे लक्षात ठेवायला हवं.

आणि कंपनीचं सोडा. आपला पासवर्ड ज्याला ठाऊक, त्याला आपलं सगळं टपाल वाचता येतं. आजचं, मागच्या वर्षीचं, आणि आपण पाठवलेलंही.

यावरचा उपाय म्हणजे एन्क्रिप्शन. शब्द जड आहे, पण वस्तू आपल्या ओळखीची आहे. लहानपणी आपण सगळ्या जणी ‘च’ची भाषा बोललोय ना? शब्दाचं पहिलं अक्षर उचलून शेवटी न्यायचं आणि त्याच्या जागी च बसवायचा. ‘मला भूक लागली’चं ‘चलाम चूकभ चागलील’. आजी शेजारी बसून ऐकायची आणि तिला काही उमगायचं नाही. त्याही आधीच्या बायकांची करपल्लवी होती, बोटांच्या खुणांची भाषा. चारचौघांत, तोंडातून शब्द न काढता बोलणं व्हायचं. एन्क्रिप्शन हेच करतं. मजकुराचा असा काही काला करतं, की नियम ठाऊक नसलेल्याला त्यातून नुसती अक्षरांची खिचडी दिसावी.

पण ‘च’च्या भाषेत दोन खोटी आहेत. एक तर, नियम एकदा फुटला की सगळंच फुटलं. धाकट्या दिराला च चा खेळ कळला की त्या दिवसापासून आपली सगळी गुपितं त्याची. म्हणून आजच्या कुलपांची रीत निराळी आहे. कुलूप कसं बनतं हे सगळ्या जगाला सांगितलेलं असतं, जाणकार ते उलटंपालटं करून तपासतात, आणि गुप्त राहते ती फक्त किल्ली. बाजारातली कुलपं सगळ्यांना दिसतात, दुकानात टांगलेलीच असतात. म्हणून काही प्रत्येकाला आपलं दार उघडता येत नाही.

दुसरी खोट जास्त अवघड. ‘च’ची भाषा दोघींनी आधी एकत्र बसून ठरवावी लागते. आता जिला कधी पाहिलंच नाही, अशा जिल्ह्याच्या ठिकाणच्या वकीलबाईंना गुप्त पत्र लिहायचंय. नियम कसा कळवणार? नियम मेलनं पाठवला तर जो मेल वाचतोय त्याला नियमही मिळाला. हजारो वर्षं राजे-महाराजे, सैन्यं, व्यापारी या एका अडचणीपाशी अडत होते. किल्ली पोचवायला विश्वासू माणूस घोड्यावरून धाडावा लागे.

ही गाठ सोडवण्याची रीत १९७६ साली अमेरिकेतल्या व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोघांनी मांडली. (तशीच कल्पना इंग्लंडच्या सरकारी गुप्तलेखन खात्यात काही वर्षं आधीच निघाली होती, पण ती १९९७पर्यंत बाहेर आली नाही. गुप्तलेखनाचं खातंच ते!) रीत समजून घ्यायला दाबलं की बंद होणारं कुलूप डोळ्यांपुढे आणा. ते बंद करायला किल्ली लागत नाही, उघडायला मात्र लागते. वकीलबाईंनी अशी शंभर उघडी कुलपं बनवली, सगळी एकाच किल्लीनं उघडणारी, आणि वाटून टाकली. कुणीही घ्या. तुम्ही त्यातलं एक घेतलं, पत्र पेटीत ठेवलं, कुलूप दाबलं. आता ती पेटी वाटेत कुणाच्याही हाती पडो. पोस्टमनला उघडता येणार नाही, नवऱ्याला येणार नाही. गंमत म्हणजे ज्या बाईनं कुलूप दाबलं तिलाही ते परत उघडता येणार नाही! किल्ली एकच आहे आणि ती वकीलबाईंच्या कनवटीला आहे. वाटायच्या कुलपाला ‘सार्वजनिक किल्ली’ म्हणतात आणि कनवटीच्या किल्लीला ‘खासगी किल्ली’. नावं जरा गोंधळात टाकणारी आहेत, म्हणून मी कुलूप आणि किल्लीच म्हणणार.

बंद करता येतं पण उघडता येत नाही, असं कुलूप नुसत्या आकड्यांतून कसं होतं? मोबाइलवरचा कॅलक्युलेटर काढा. ६१ गुणिले ५३ करा. उत्तर ३,२३३. झालं, एका क्षणात. आता शेजारणीला नुसतं ३,२३३ सांगा आणि विचारा, कोणत्या दोन संख्या गुणल्या? बसेल ती भागत संध्याकाळपर्यंत. गुणणं सोपं, उलटं जाणं कठीण. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी याच अडचणीवर कुलूप बेतलं. आज त्या पद्धतीच्या कुलपातली संख्या सहाशेहून जास्त आकडी असते. जगातले मोठे संगणक जोडले तरी ती फोडायला माणसाचा जन्म पुरत नाही. गणित एवढंच पुरे, पुढे मलाही झेपत नाही.

हे कुलूप साध्या माणसाच्या हातात मात्र लगेच आलं नाही. सरकारं आणि बँका ते वापरू लागल्या. १९९१ साली कोलोरॅडोतल्या फिल झिमरमन नावाच्या गृहस्थानं ईमेलला लावायचं कुलूप लिहून काढलं आणि फुकट वाटलं. अण्वस्त्रांच्या विरोधातल्या चळवळीत तो काम करत असे, आणि अशा माणसांची पत्रं सरकारनं वाचू नयेत हा त्याचा हेतू. नाव ठेवलं पीजीपी. त्या नावाचा मराठीत अर्थ होतो ‘बऱ्यापैकी खासगीपणा’. नाव साधं, पण काम भक्कम. ते इंटरनेटवरून अमेरिकेबाहेर पसरलं, आणि तिथल्या कायद्यात मजबूत गुप्तलेखन शस्त्रांच्या यादीत होतं! तोफा-बंदुकांच्या पंगतीत. झिमरमनच्या मागे तीनेक वर्षं चौकशी लागली. मग १९९५ साली एका विद्यापीठाच्या प्रकाशनानं त्या कुलपाची सगळी लिखावट चक्क पुस्तक म्हणून छापली, कारण पुस्तक परदेशी पाठवायला बंदी नव्हती. जानेवारी १९९६ मध्ये चौकशी बंद झाली, खटला झालाच नाही.

अजून एक गोष्ट सांगते, कारण ती एका बाईची आहे. २०१२च्या शेवटी एडवर्ड स्नोडेन या माणसाला एका नावाजलेल्या पत्रकाराला मोठी बातमी द्यायची होती. अमेरिकेचं सरकार सामान्य लोकांचे फोन आणि मेल कसे गोळा करतं, याची कागदपत्रं त्याच्याकडे होती. त्यानं पत्रकाराला, ग्लेन ग्रीनवाल्डला, निरोप धाडला की आधी पीजीपी बसव, मग बोलू. समजावून सांगितलं, व्हिडिओ बनवून दिला. पत्रकाराला ते किचकट वाटलं, आठवडे गेले, बसवलंच नाही. मग स्नोडेननं लॉरा पॉइट्रस या माहितीपट बनवणाऱ्या बाईंना लिहिलं. त्यांना कुलूप लावता येत होतं. कामामुळे विमानतळांवर त्यांची वारंवार झडती व्हायची, त्यातून त्या शिकल्या होत्या. बातमी पुढे सरकली ती त्यांच्यामुळे, आणि २०१३च्या जूनमध्ये जगभर छापून आली. हे सांगण्याचं कारण असं, की किचकट वाटतं म्हणून मोठमोठे लोकही हे सोडून देतात. आपल्याला पहिल्या दिवशी जमलं नाही तर त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता आपल्या कामाचं. मेलला खरं कुलूप लावायला काय मिळतं?

घरात किंवा गटाच्या कार्यालयात संगणक असेल तर थंडरबर्ड नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम आहे. २०२०पासून त्यात हे कुलूप आतच बसवलेलं येतं. तुमचा आहे तोच मेल पत्ता त्यात जोडायचा, किल्ल्यांची जोडी तयार करायची, कुलूप समोरच्या बाईला धाडायचं, तिचं आपण मागून घ्यायचं. दोघींकडे असल्याशिवाय चालत नाही, हीच यातली मोठी अडचण. माझं स्पष्ट मत सांगते. प्रत्येक बाईनं हे बसवायची गरज नाही. पण ज्या गटांत समुपदेशनाचं काम चालतं, बायका येऊन मारहाणीची तक्रार सांगतात, आणि ती प्रकरणं तालुक्याला-जिल्ह्याला मेलनं जातात, त्या गटानं एका संगणकावर हे बसवून दोन बायांना शिकवून ठेवावं. तिथे दुसऱ्या बायकांच्या जिवाचा प्रश्न असतो.

मोबाइलच असेल तर प्रोटॉन मेलसारख्या सेवा आहेत. प्रोटॉन ही स्वित्झर्लंडची, २०१४ साली सुरू झालेली. दोघींचेही पत्ते तिथलेच असले तर कुलूप आपोआप लागतं, काही करावं लागत नाही. समोरचीचा पत्ता जीमेलचा असेल तर मेलला पासवर्ड लावून पाठवता येतो. तिला एक दुवा जातो, पासवर्ड टाकला की मजकूर दिसतो. मात्र एक गोष्ट ऐकून ठेवा. एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ही सेवा भारतात बंद करण्याची कार्यवाही करा, असं केंद्र सरकारला सांगितलं. प्रकरण होतं एका कंपनीतल्या बाईबद्दल प्रोटॉनच्या पत्त्यांवरून आलेल्या अश्लील मेलचं. तेव्हा आपल्याकडे ती चालते का ते आधी पाहा आणि मगच महत्त्वाचा मेल तिच्या भरवशावर ठेवा. आणि हेही डोक्यात राहू द्या, की पत्राला कुलूप लावणं वेगळं आणि तोंड लपवून बाईवर चिखल उडवणं वेगळं. पत्ता कुणाचा हे लपलं म्हणून तो त्रास देता आला, मजकुराला कुलूप होतं म्हणून नव्हे. पण त्रास झाला तो बाईलाच, हे खरं. असे मेल आले तर ते पुसू नका, जपून ठेवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर सांगा.

कुणी म्हणेल, पत्राला कुलूप लावायचं म्हणजे काहीतरी काळंबेरं असणार. असं बोलणाऱ्याला विचारा, तुमच्या घराला कडी आहे का? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमतानं सांगितलंय, की खासगीपणा हा आपला मूलभूत हक्क आहे. आपल्याकडे एन्क्रिप्शन वापरणं गुन्हा नाही. कायद्यानं ठरलेल्या कारणांसाठी, ठरलेल्या रीतीनं सरकार कुलूप उघडून मागू शकतं, ती गोष्ट निराळी.

आता सगळ्यांना जमेल असा उपाय, आजपासून. सगळा मेल कुलूपबंद करायचा नाही, आतला कागद तेवढा कुलूपबंद करायचा. हे कुलूप तुम्ही पाहिलेलंसुद्धा आहे. आधारची फाइल डाउनलोड केली की ती पासवर्ड मागते. तेच एन्क्रिप्शन! तो पासवर्ड कसा असतो? नावाची इंग्रजी मोठ्या लिपीतली पहिली चार अक्षरं आणि जन्माचं साल. सविता नावाची बाई १९८५ साली जन्मलेली असेल तर एस, ए, व्ही, आय आणि पुढे १९८५. आता सांगा, गावात सविताचं नाव कुणाला माहीत नाही? वय तर मतदार यादीत छापलेलं असतं. कुलूप लोखंडी, पण किल्ली दाराच्याच खिळ्याला टांगलेली. म्हणून आधारची फाइल पासवर्ड आहे म्हणून बिनधास्त कुठेही पाठवू नका. आधारच्या संकेतस्थळावर आकडे झाकलेलं आधार मिळतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. जिथे तेवढ्यावर भागतं तिथे तेच द्या.

आपला स्वतःचा कागद बंद करायचा असेल तर लिब्रेऑफिस नावाच्या फुकटच्या प्रोग्रामात तो लिहा आणि पीडीएफ करताना सुरक्षिततेच्या भागात जाऊन उघडण्याचा पासवर्ड घाला. ती बंद फाइल मेलनं पाठवा. पासवर्ड मात्र त्याच मेलात लिहू नका, तो फोन करून तोंडी सांगा. पेटी एसटीनं आणि किल्ली माणसाबरोबर, असं समजा. दोन्ही एकाच पिशवीत घातलं तर कुलूप लावण्यात काय अर्थ?

पासवर्ड कसा असावा? लेकराचं नाव नको, लग्नाची तारीख नको, गावचा देव नको, गाडीचा नंबर तर नकोच. एकमेकांशी काही संबंध नसलेले चार-पाच शब्द घ्या. विळी, आभाळ, रेडकू, चष्मा, असे. (हेच घेऊ नका हो, हे आता रेडिओवर सांगून झाले!) असे शब्द इंग्रजी अक्षरांत जोडून लिहिले की लांब पासवर्ड होतो. यंत्राला ओळखायला अवघड, आपल्याला आठवायला सोपा. म्हण नको, ओवी नको, गाण्याची ओळ नको. ते सगळ्यांच्या तोंडी असतं.

कुलूप काय झाकत नाही, तेही ऐका. पीजीपी असो नाहीतर प्रोटॉन, आतला मजकूर झाकला जातो. पाकिटावरचं नाव झाकत नाही. कुणी, कुणाला, कधी लिहिलं हे दिसतंच. मेलचा ‘विषय’ लिहायची वरची ओळसुद्धा बहुतेक वेळा उघडी राहते. त्यामुळे आत सगळं कुलूपबंद करून वर ‘नवऱ्याविरुद्ध तक्रार’ असं लिहिलंत तर सगळी मेहनत पाण्यात. विषयाच्या जागी ‘नमस्कार’ लिहा, ‘कागद पाठवते’ लिहा. आणि मेल पोचल्यावर फोनच्या पडद्यावर त्याच्या पहिल्या दोन ओळी झळकतात, तेही फोनच्या सेटिंगमध्ये बंद करता येतं.

व्हॉट्सॲपला असं टोकापासून टोकापर्यंतचं कुलूप एप्रिल २०१६पासून आहे, त्यासाठी आपल्याला काही करावं लागत नाही. पण त्याची गुगलवर ठेवलेली नक्कल, म्हणजे बॅकअप, तिला तेच कुलूप हवं असेल तर आपण सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं. आणि ‘लिंक्ड डिव्हायसेस’ या ठिकाणी अधूनमधून डोकवा. तिथे आपल्या ओळखीचा नसलेला संगणक दिसला तर आपलं सगळं बोलणं कुणीतरी दुसरीकडे वाचतंय.

आता मी येते घरातल्या गोष्टीपाशी, आणि इथे जरा थांबून ऐका. अमेरिकेचं सरकार आपला मेल वाचायला बसलेलं नाही. आपला मेल वाचतो तो जवळचा माणूस. ज्या ऑनलाइन सेंटरवर मेल उघडून दिला, तिथल्या मुलानं पासवर्ड स्वतःच ठेवला, त्याच्या वहीत लिहून घेतला, आणि ‘परत मिळवण्याचा नंबर’ म्हणून स्वतःचा मोबाइल घातला. बहुतेक वेळा त्याच्या मनात पाप नसतं, दहा बायकांची कामं उरकायची म्हणून तो असं करतो. पण किल्ली त्याच्या वहीत राहिली. कुठे दिराचा नंबर असतो, कुठे नवऱ्याच्या फोनवर तेच खातं उघडं असतं. मग तुम्ही झिमरमनचं कुलूप आणा नाहीतर ब्रह्मदेवाचं आणा, तो माणूस तुमच्या बाजूला बसून तुमच्याच किल्लीनं उघडणार.

म्हणून जीमेलमध्ये आपल्या नावाच्या गोल चिन्हावर बोट ठेवा, गुगल खात्यात जा आणि सुरक्षेचा भाग उघडा. कोणकोणत्या फोन-संगणकांवर आपलं खातं उघडं आहे याची यादी तिथे असते. न ओळखीचं असेल ते काढून टाका. खातं परत मिळवण्याचा नंबर आणि पत्ता कुणाचा आहे ते पाहा. पासवर्ड बदला, आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा, म्हणजे नुसत्या पासवर्डावर कुणाला आत येता येणार नाही. संगणकावर जीमेल उघडाल तेव्हा सेटिंगमध्ये ‘फॉरवर्डिंग’ असं एक पान आहे, ते जरूर पाहा. तिथे कुणाचा पत्ता घातलेला असेल तर आलेल्या मेलची नक्कल गुपचूप तिकडे जात असते. पासवर्ड बदलला तरी ती थांबत नाही, तो पत्ता तिथूनच काढावा लागतो. सेंटरवर काम केलं तर उठण्याआधी ‘साइन आउट’ करा, आणि तिथे उतरवून घेतलेली फाइल डाउनलोडच्या फोल्डरमधून आणि कचरापेटीतून पुसायला सांगा.

पण घरात मारहाण असेल, संशय असेल, तर मी सांगितलेलं सगळं एका फटक्यात करू नका. ज्याला आजवर सगळं दिसत होतं त्याला एके दिवशी काहीच दिसेनासं झालं की तो विचारणार, का बदललंस? आणि तो प्रश्न हातानं विचारला जाऊ शकतो. अशा बाईनं जुना पत्ता आहे तसाच चालू ठेवावा, त्यावर बिलं आणि जाहिराती येऊ द्याव्यात. विश्वासातल्या मैत्रिणीच्या किंवा गटाच्या फोनवर नवा पत्ता उघडावा, आणि मनातलं फक्त तिथून लिहावं. आपल्या फोनवर तो पत्ता कधीच उघडू नये. आणि मेलच्या आधी फोन करता आला तर तोच करावा. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईला वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो.

शेवटी किल्ली हरवण्याबद्दल, कारण हा प्रश्न दर वेळी येतो. जीमेलचा पासवर्ड विसरला तर कंपनी परत मिळवून देते, कारण त्यांच्याकडे किल्ली आहे. खऱ्या कुलपाचं तसं नाही. पीजीपीची खासगी किल्ली गेली, किंवा बंद केलेल्या फाइलचा पासवर्ड विसरलात, तर ती लिहिणारा येऊनही उघडू शकत नाही. प्रोटॉनमध्ये परत मिळवण्याची सोय आधी करून ठेवली नसेल आणि पासवर्ड नव्यानं घेतला, तर खातं मिळतं पण जुनी पत्रं वाचता येत नाहीत. म्हणून पासवर्ड कागदावर लिहून ठेवायला माझी ना नाही. पण तो कागद फोनच्या कव्हरात नको, आधारच्या पाकिटात नको. धान्याच्या कोठीत, जुन्या पातळाच्या घडीत, नाहीतर माहेरच्या ट्रंकेत असू द्या. तो कशाचा पासवर्ड आहे हे त्यावर लिहू नका.

गटाच्या पुढच्या बैठकीत एक करून पाहा. दोघी-दोघींच्या जोड्या करा. एकीनं चार ओळी लिहायच्या, काहीही, अगदी पुरणपोळीची कृती चालेल. पीडीएफला पासवर्ड लावून दुसरीला मेल करायचा आणि पासवर्ड तिच्या कानात सांगायचा. तिच्या मोबाइलवर फाइल उघडली की मग तिनं तसंच हिला पाठवायचं. कुठे अडलं तर ते बैठकीच्या वहीत लिहून आमच्याकडे केंद्रावर कळवा. पुढच्या महिन्यात आपण त्या अडचणी एकेक करून घेऊ.